देवाला दिलेला हॉर्न

मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये जाते आणि हॉर्नची तार काढून घेते. सलीमभाईंना आता त्याची सवय झाली आहे. पहिल्या वर्षी मात्र ते बॉनेट उघडून नुसते माझ्याकडे बघत राहिले होते. "मॅडम, बंद पडलेला हॉर्न चालू करायला लोक येतात. चालू हॉर्न बंद करायला आलेल्या तुम्हीच पहिल्या." यंदा त्यांनी सरळ पान्हा हातात घेतला आणि म्हणाले, "गावको जाना है ना? चंपाषष्ठी झाली की या, जोडून देतो."

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हे बेकायदेशीर आहे. असेल. सहा दिवस मी नाशिकच्या रस्त्यांवरून बिनहॉर्नची गाडी चालवते, म्हणजे बैलगाडीच्या वेगाने चालवते. मागचे रिक्षावाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. सीबीएसच्या चौकात परवा एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ ताई, झोपलात का?" झोपले नव्हते. पण त्याला काय सांगणार? हिरवा दिवा लागेपर्यंत सांगून होईल इतकी लहान ती गोष्ट नाही.

थंडी आली की मला गाव आठवतं, असं म्हटलं तर ते फारच गोड वाटेल. खरं म्हणजे थंडी आली की मला आधी एक हॉर्न आठवतो, आणि मग त्याच्या मागून गाव येतं. चांदवडच्या अलीकडे, आग्रा रोडपासून कोसभर आत आमचं गाव. मार्गशीर्षात तिथे पहाटे श्वास दिसतो. लाल कांदा निघत असतो, उन्हाळ कांद्याची रोपं लावायला वाफे बांधलेले असतात, आणि ओल्या मातीचा आणि कापलेल्या पातीचा असा एक वास असतो की डोळे चुरचुरतात आणि भूकही लागते. गंमत म्हणजे गावभर कांद्याचे ढीग आणि ताटात कांदा नाही. चातुर्मासात आम्ही कांदा आणि वांगं सोडतो, आणि खंडेरावाचे सहा दिवस पार पडून चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की मगच खातो. लहानपणी मी खळ्यावर कांदे निवडताना चोरून एक पापुद्रा चावायचे आणि दिवसभर तोंड मिटून फिरायचे. तोंड मिटून फिरायचा माझा सराव तेव्हापासूनचा आहे.

खंडेरावाचं ठाणं मात्र गावात नाही. ते आग्रा रोडच्या पलीकडे एका टेकडीवर आहे. षष्ठीला सकाळी गावातून पालखी निघते, पण पालखीच्या आधी देवाची घोडी टेकडीवर पोचली पाहिजे, हा आमचा रिवाज. आधी घोडी, मागून देव. त्यामुळे घोडी आणि तिचा स्वार पालखीच्या पुष्कळ पुढे, जवळजवळ एकटेच जात. गावातून हायवेपर्यंत शेतांमधल्या पांदीने, मग अर्धा कोस हायवेच्या कडेकडेने, आणि मग टेकडीचा कच्चा रस्ता. ज्यांनी रिवाज पाडला त्यांच्या काळी तो अर्धा कोसही गाडीवाटच असणार. पुढे त्यावर डांबर आलं, मग ट्रक आले, मग लक्झरी बसगाड्या आल्या. रिवाज होता तिथेच राहिला.

माझ्या आठवणीतली घोडी म्हणजे चांदणी. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. आणि तिच्यावर रंगूनाना. वर्षभर नाना लोकांच्या वाफ्यांत कांदा लावायला मजुरीने जात, पण घोडी त्यांच्या दारात बांधलेली असे आणि स्वारीचा मान त्यांच्या घराण्याचा. लहानखुरा, सुकलेला माणूस. षष्ठीला पिवळा फेटा बांधून, कपाळाला भंडारा फासून खोगिरावर बसला की वीतभर उंच होऊन जाई. आम्ही पोरं पांदीच्या तोंडाशी उभे राहून बघायचो. हायवेवर चढण्याआधी नाना खाली वाकायचे आणि चांदणीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे. मग तिच्या मानेवर थोपटून म्हणायचे, "चल माय. आता काय ऐकू नको."

मी एकदा विचारलं होतं, "नाना, तिला सर्दी झाली का?"

"सर्दी नाय ताई. ह्या गाड्यावाल्यांना बोंबलायची लय हौस. घोडं डोळ्यानं नाय बुजत तेवढं कानानं बुजतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. कळायला पुष्कळ वर्षं गेली.

माझे वडील, अण्णा, यांनी मला जीप शिकवली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. गावात बाईने जीप चालवणं म्हणजे नवलच होतं. पारावरची माणसं बिडी विझवून बघत. अण्णांना त्याचा केवढा अभिमान! त्यांनी मला क्लच, गिअर, घाटातला उतार, सगळं शिकवलं, आणि त्याच गंभीरपणे हेही शिकवलं की देवाला हॉर्न दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. चांदवडला रेणुकामातेच्या पायथ्याशी दोनदा. घाटाच्या तोंडाशी म्हसोबाला एकदा. पाटाच्या पुलावर मरीआईला एकदा. "हात जोडायला स्टेअरिंग सोडता येत नाही, म्हणून हॉर्न," असं ते समजावून सांगत. मालेगावहून आणून त्यांनी जीपला ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवला होता. तो वाजला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहत. दोन महिन्यांत माझा हात इतका तयार झाला की देऊळ दिसायच्या आत तळहात बटणावर जाई. अण्णा म्हणायचे, "आता खरी ड्रायव्हर झालीस."

त्या वर्षी षष्ठीच्या आधी गावातल्या, पालखी ठेवतात त्या देवळात बैठक झाली, आणि तिथे कुणीतरी कापसाचा विषय काढला. गावातले एक जुने, मानाचे कारभारी होते, आता ते नाहीत, त्यांचं नाव कशाला घेऊ. ते म्हणाले, "देवाची घोडी आन कानात बोळे? येळकोटाचा गजर तिला ऐकू जाऊ नये व्हय?" सगळ्यांना ते एकदम पटलं आणि या वर्षी बोळे नाहीत असं ठरलं. नाना कोपऱ्यात उभे होते. बसत नसत ते बैठकीत. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मीही तिथे बायकांत बसले होते आणि मला आठवतं, मीही मान डोलावली होती. मला वाटलं, खरंच की, बिचारीला गजर नको का ऐकायला.

षष्ठीची सकाळ. जीपमध्ये मागे आई, काकू आणि नैवेद्याचे डबे. भाजलेल्या वांग्यांचा आणि पातीच्या फोडणीचा वास भरून राहिला होता. जवळजवळ पाच महिन्यांनी तो वास! काकू म्हणाली, "सुमे, हळू चालव, भरीत सांडंल." मी हळूच चालवत होते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पालखीला मागे टाकून आम्ही हायवेवर चढलो. धुकं विरत आलेलं. पुढे डाव्या कडेने चांदणी चाललेली, नानांच्या फेट्याचा शेव वाऱ्यावर. समोरून एक ट्रक येत होता, त्याच्या बाजूने, सरळ. मी वेग आणखी कमी केला. घोडीच्या मागे दहा-पंधरा हातांवर असताना मला भरून आलं. इतकं सुंदर दिसत होतं ते सगळं. देवाची घोडी समोर आणि मी देवाच्या मागून जाणारी. मी मान लववली आणि हॉर्न दिला. दोनदा.

पुढचं मला सलग आठवत नाही. चांदणी आधी जागच्या जागी खाली बसल्यासारखी दबली आणि मग उजवीकडे उसळली, रस्त्याच्या मधोमध. ट्रकने बाहेर घ्यायचा प्रयत्न केला. एक आवाज झाला. मी तो सांगणार नाही. जीप कधी थांबवली ते आठवत नाही. भरिताचा डबा माझ्या पाठीवर येऊन उपडा झाला होता आणि काकू मागून ओरडत होती. नाना घोडीच्या खाली होते. त्यांचा फेटा ट्रकच्या चाकापाशी सुटून पडला होता, पिवळाधमक, लांबच्या लांब. चांदणी उठायचा प्रयत्न करत होती आणि पुढचा पाय तिला साथ देत नव्हता, तरी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती.

पालखीबरोबरची माणसं धावत आली. त्यांनी नानांना ओढून काढलं, आमच्याच जीपमध्ये घातलं. आणि काहींनी ट्रक ड्रायव्हरला खाली खेचलं. तो उत्तरेकडचा माणूस होता, स्वेटर घातलेला. त्याला मारायला सुरुवात झाली. मार खाता खाता तो एकच प्रश्न विचारत होता, "हॉर्न किसने मारा? अरे, पीछे से हॉर्न किसने मारा?"

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला आजही नवल वाटतं ते याचं. हॉर्न सगळ्यांनी ऐकला असणार. आमचा हॉर्न गावाच्या शिवेपर्यंत ऐकू जायचा. पण तो देवाला दिलेला हॉर्न होता, त्यामुळे तो जमेतच नव्हता. देवळातली घंटा वाजली तर कोण विचारतं का, कुणी वाजवली? मी तिथे उभी होते, अंगाला भरीत लागलेलं, आणि एक माणूस माझ्या वाटणीचा मार खात होता. मी बोलले नाही. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

चांदणीने दुपारी तिथेच, रस्त्याच्या कडेला जीव सोडला. लोकांनी तिच्यावर भंडारा उधळला. नानांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आल्यावर मी अण्णांना सांगितलं. शब्द जुळवत, रडत सांगितलं, की अण्णा, ती माझ्या हॉर्नने बुजली. अण्णांना खरोखरच कळेना. ते म्हणाले, "अगं, पण तू देवाला हॉर्न दिलास ना? त्यात काय वाईट?" मला वाटलं ते मला समजावताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लक्षात आलं, समजावत नव्हते. त्यांना त्यात खरंच काही दिसत नव्हतं. दारू पिऊन गाडी चालवणारा, रात्रंदिवस न झोपलेला, मुद्दाम कट मारणारा, असा वाईट ड्रायव्हर सगळ्यांना ओळखू येतो. मी तर हळू चालवत होते. डोळे भरून आले होते माझे. तेव्हापासून मी भाविक माणसाच्या मागे रस्त्यावर असले की जपून असते.

नानांना बघायला मी नाशिकला सिव्हिलला गेले होते. ठरवून गेले होते, की सांगायचं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला बघून म्हणाले, "ताई, खोगिरावरची माझी मांड ढिली पडली वं. इतकी वरसं बसलो, आन त्या दिवशी मांड ढिली पडली. घोडी घालवली म्या." मी म्हटलं, "नाही हो नाना." एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात होतं आणि नर्स गोळ्या घेऊन आली. नर्स गेल्यावरही ते सांगता आलं असतं.

मग माझं लग्न झालं, नाशिकला आले, शाळेत नोकरी लागली. आठ वर्षं गेली. आठ वर्षं गावात घोडी नव्हती. नाना कुबडीवर देवळापर्यंत येत आणि पालखी निघाली की पाठ फिरवून घरी जात. मग एका मार्गशीर्षात आईचा फोन आला. गावाने नवी घोडी आणली होती आणि नानांचा मुलगा दत्तू, चांगला तिशीतला, दोन पोरींचा बाप, स्वारीला बसणार होता. आई आनंदाने सांगत होती. मला फक्त रस्ता दिसत होता. तोच रस्ता. तोच अर्धा कोस. आणि तेच सगळे देवाला हॉर्न देणारे.

दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी धरून मी गावी गेले. नाना ओट्यावर बसून नव्या घोडीचा लगाम शिवत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर पुन्हा राहिलं असतं.

त्यांनी सुई थांबवली. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. त्यांनी विचारलं, "किती लांबून दिला?"

"दहा-पंधरा हात असेल."

"तो मोठा भोंगा?"

"हो."

"दोनदा?"

"दोनदा."

त्यांनी लगाम मांडीवर ठेवला. "मंग माझी मांड ढिली नव्हती," ते म्हणाले. माझ्याशी नाही, घोडीकडे बघून म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "आठ वरसं, ताई! आठ वरसं म्या सोताला खाल्लं. बायकोला म्हनलो, म्या घोडी मारली. पोराला म्हनलो, तुझ्या बापाला बसता येत नाय. आन तू सिव्हिलात आली व्हतीस. माझ्या उशाशी बसली व्हतीस!"

मला वाटत होतं की मी आठ वर्षं एक ओझं वागवते आहे. ते ओझं नानांच्या डोक्यावर होतं आणि मी नुसती बाजूने चालत होते, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी कुबडी मध्ये घातली. "माझ्या पाया नगं पडू. गावाला सांग. उद्या दत्तू जायचा हाय त्या रस्त्यानं."

षष्ठीला पहाटे देवळात तळी भरली. ताटात पानं, खोबरं, भंडारा. पाच जणांनी ताट तीनदा उचललं, येळकोट झाला. तो विरायच्या आत मी बोलायला उभी राहिले. माहेरवाशीण काहीतरी अर्पण करणार असं लोकांना वाटलं असावं. मी सांगून टाकलं. हॉर्न मी दिला. ट्रकवाल्याची चूक नव्हती. नानांचीही नव्हती. आणि आज घोडीजवळ कुणी हॉर्न देऊ नका.

मग कुजबुज. एक जण म्हणाला, "देवाला हॉर्न द्यायचा नाय म्हंजे? मंग काय मुक्यानं जायचं?" दुसरा म्हणाला, "शिकलेल्या बायांचं काय तरी एकेक." तेवढ्यात मागून अण्णा उठले. म्हातारे झाले होते. म्हणाले, "भोंगा मी बसवला होता. तिला मी शिकवलं." आणि बसले. एवढंच. पण त्यानंतर कुणी हसलं नाही. नाना कुबडी टेकत पुढे आले, खिशातून कापूस काढला, ताटातल्या भंडाऱ्यात बुडवला आणि सगळ्यांदेखत नव्या घोडीच्या कानांत घातला. त्याला कुणी नाही म्हटलं नाही. भंडारा लागलेल्या कापसाला कोण नाही म्हणणार? मला वाटतं, नानांनी ते ओट्यावर बसल्या बसल्याच ठरवलं असणार.

निघताना मी त्यांना म्हटलं, "नाना, मी तर आयुष्यात पुन्हा असा हॉर्न देणार नाही." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. जनावरांना शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. म्हणाले, "तू ठरवशील गं. पण हाताला कुठं कळतं? गाडी घेतलीस तर ह्या सहा दिवसांत तार काढून ठेवत जा."

मला तेव्हा थोडा राग आला होता. एवढं सगळं झाल्यावरही यांचा माझ्यावर विश्वास नाही, असं वाटलं. तरी गाडी घेतल्यापासून दर वर्षी तार काढते, नानांचा शब्द म्हणून. दोन वर्षांपूर्वी नाना गेले.

यंदा चंपाषष्ठीला मी नाशिकहून एकटीच निघाले. आग्रा रोड चौपदरी करायचं काम चालू आहे. जागोजागी वळवलेला रस्ता, खडीचे ढीग, धूळ. लक्झरीवाले आणि कांद्याचे ट्रक त्या चिंचोळ्या वाटेतून एकमेकांना रेटत होते. गावचा फाटा मागे पडला आणि धुळीतून एकदम पुढे घोडी दिसली. दत्तू, पिवळा फेटा. मागे लाल फडकं घेऊन चालणारा एक जण. घोडीच्या कानांत पिवळे बोळे. मी वेग कमी केला. पहिल्या गिअरवर आणली. मागचा टँकर बोंबलायला लागला, मी त्याला वाट दिली नाही. सूर्य टेकडीच्या वर आला होता आणि त्या धुळीत सगळं सोन्यासारखं दिसत होतं. चांदणीसारखीच चाल. मला भरून आलं. नाना आठवले, अण्णा आठवले.

घोडी शांतपणे कच्च्या रस्त्याला वळली. दत्तूने मागे वळून माझी गाडी ओळखली आणि हात केला. मीही हात करायला गेले, तेव्हा लक्षात आलं की हात मोकळा नाही. हॉर्न वाजला नव्हता. कसा वाजेल, तार सलीमभाईंच्या खणात होती. पण माझा तळहात हॉर्नच्या बटणावर होता, आणि ते बटण पूर्ण आत दाबलेलं होतं.